अ‍ॅस्ट्रोसॅटच्या डेटात गॅमा किरण स्फोट कसा शोधायचा: कच्च्या नोंदींपासून परिपत्रकापर्यंत

गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून थोडाच वेळ येणारा अतिऊर्जावान किरणांचा झोत. त्याचा फोटो निघत नाही. हाती येते ती फोटॉनच्या नोंदींची लांबलचक यादी: अमुक क्षणी, अमुक पिक्सेलवर, अमुक ऊर्जेचा एक ठोका. यातले बहुतेक ठोके वैश्विक किरणांचे, उपग्रहाच्या स्वतःच्या धातूचे किंवा बिघडलेल्या पिक्सेलचे असतात. खरा स्फोट त्यात काही सेकंदांपुरता मिसळलेला असतो. म्हणून या कामात शोधण्यापेक्षा वगळण्यालाच जास्त वेळ लागतो, आणि वगळताना हात सैल सुटला तर खरा स्फोटही कचऱ्यात जातो. पुढची सगळी पद्धत या दोन चुकांच्या मधून वाट काढण्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून अ‍ॅस्ट्रोसॅट या भारताच्या खगोलशास्त्रीय उपग्रहावरचे सीझेडटीआय (कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर) हे उपकरण घेतले आहे. एमएस्सीच्या विद्यार्थ्याला साध्या लिनक्स संगणकावर या डेटावर काम करता येते.

उपकरणाची ओळख

अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने गेला. कक्षा सुमारे ६५० किलोमीटर उंचीची, विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली. हा कमी कल फार मोलाचा आहे. दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यातून उपग्रह कडेकडेने जातो, त्यामुळे पार्श्वभूमी बरीच शांत राहते.

सीझेडटीआय टीआयएफआरच्या (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) नेतृत्वाखाली देशातल्या अनेक संस्थांनी मिळून बांधले. त्याचे डेटा केंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात आहे आणि स्फोट शोधण्याच्या कामात आयआयटी मुंबईचा मोठा वाटा आहे. उपकरणात कॅडमियम झिंक टेल्युराइडची ६४ मॉड्यूल आहेत, ५ मिलिमीटर जाडीची. प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे एकूण १६,३८४. ही मॉड्यूल चार स्वतंत्र क्वाड्रंटमध्ये सोळा-सोळा अशी विभागलेली आहेत. एकूण क्षेत्रफळ ९७६ चौरस सेंटिमीटर, वेळेची बारकाई २० मायक्रोसेकंद.

मूळ रचना २० ते १०० केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) आसपास, समोरच्या ४.६ अंशांच्या चौकोनात बघण्यासाठी आहे. वर टँटॅलमचा अर्धा मिलिमीटर जाड छिद्रांकित मुखवटा, बाजूने कॉलिमेटरच्या, म्हणजे तिरके किरण अडवणाऱ्या, भिंती. पण १०० केईव्हीच्या वर या पातळ भिंती पारदर्शक व्हायला लागतात. समोरच्या स्रोताचे चित्र काढताना हा दोष ठरतो, स्फोट शोधताना मात्र तोच आधाराला येतो. उपकरण कुठेही रोखलेले असो, जवळजवळ सगळे आकाश त्याला अंधुकपणे दिसत राहते. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, सीझेडटीआय सुरू झाले त्याच दिवशी, मुख्य दिशेपासून सुमारे ६० अंश बाजूला असलेला जीआरबी १५१००६ए (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, पुढचे आकडे तारखेचे) त्यात नोंदला गेला.

या शोधकांच्या (डिटेक्टरांच्या) खाली २० मिलिमीटर जाडीचा सीझियम आयोडाइडचा व्हेटो शोधक आहे. त्याचे मूळ काम आरपार जाणारे कण ओळखून त्या नोंदी बाद करण्याचे. आपण त्याच्याकडून दुसरे एक काम करून घेणार आहोत, ते पुढे येईल.

तयारी

लिनक्स, नासाचे हीसॉफ्ट हे खगोलीय डेटाचे सॉफ्टवेअर, सीझेडटीआयची पाइपलाइन (डेटा स्वच्छ करणाऱ्या कार्यक्रमांची साखळी) आणि तिचा कॅलिब्रेशन डेटाबेस, आणि पायथनमध्ये नमपाय, अ‍ॅस्ट्रोपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब. डेटा इस्रोच्या आयएसएसडीसी संग्रहातून नोंदणी करून मिळतो. एका निरीक्षणाच्या फाइली अनेक गीगाबाइटच्या असतात, तेव्हा डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा.

पहिला सराव माहीत असलेल्या, तेजस्वी स्फोटावर करा. सीझेडटीआयच्या संकेतस्थळावर आजवरच्या स्फोटांची यादी आहे (२०२३ अखेर ती ६००पर्यंत पोचली होती). यादीतला असा स्फोट निवडा जो अमेरिकेच्या फर्मी किंवा स्विफ्ट उपग्रहानेही पकडलेला आहे. उत्तर माहीत असले की आपली चूक कुठल्या पायरीवर झाली ते कळते. अनोळखी डेटात थेट उडी घेतली तर चूक आणि शोध यांतला फरक कळत नाही.

आधी वेळ, मग बाकी सगळे

सीझेडटीआयच्या फाइलीतली वेळ १ जानेवारी २०१० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी) मोजलेल्या सेकंदांत असते. फर्मीची वेळ १ जानेवारी २००१ पासून मोजतात. दोन्ही घड्याळे हातची वजाबाकी करून जुळवायला गेलात तर लीप सेकंद (घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळावे म्हणून अधूनमधून वाढवलेले सेकंद) अडवतात. २०१० नंतर असे सेकंद तीनदा वाढवले गेले: जून २०१२, जून २०१५ आणि डिसेंबर २०१६ च्या शेवटी. दोन-तीन सेकंदांची चूक लांब स्फोटात लक्षातही येत नाही, आखूड स्फोटात मात्र तुम्ही भलत्याच ठिकाणी बघत बसता. म्हणून रूपांतरासाठी अ‍ॅस्ट्रोसॅटचे अधिकृत साधनच वापरा आणि हाताचे गणित फक्त ताळ्यासाठी ठेवा. ६ ऑक्टोबर २०१५ सकाळचे उत्तर १८ कोटी १८ लाख सेकंदांच्या आसपास यायला हवे. फार वेगळे आले तर आरंभबिंदूच चुकला आहे.

पृथ्वीजवळच्या कक्षेतले दोन उपग्रह एकमेकांपासून फार तर १४ हजार किलोमीटरवर असू शकतात. प्रकाशाला ते अंतर कापायला सुमारे ०.०५ सेकंद लागतो. म्हणजे फर्मीने स्फोट पाहिला त्या क्षणापासून सीझेडटीआयचा क्षण याहून जास्त सरकलेला दिसला, तर तो फरक आकाशातला नाही, तुमच्या घड्याळातला आहे.

याच टप्प्यावर स्फोट पृथ्वीआड नव्हता ना, हेही तपासा. ६५० किलोमीटरवरून पृथ्वीच्या थाळीची कोनीय त्रिज्या सुमारे ६५ अंश भरते, म्हणजे आकाशाचा जवळजवळ २९ टक्के भाग कायम झाकलेला असतो. स्फोटाची दिशा आणि पृथ्वीच्या केंद्राची दिशा यांतला कोन ६५ अंशांपेक्षा कमी असेल तर तो स्फोट दिसायची आशा सोडा. उपग्रह अटलांटिकवरच्या कणपट्ट्यात असेल तेव्हा शोधक मोजतच नाहीत, तो काळही वगळा.

सफाई: इथेच घाई महागात पडते

पाइपलाइनमध्ये एकामागून एक लहान कार्यक्रम चालतात. नवशिक्याने त्या सगळ्यांच्या पूर्वनिश्चित अटी तशाच ठेवल्या की निकाल स्वच्छ दिसतो आणि स्फोट हरवतो. कारण त्या अटी समोरच्या, स्थिर स्रोताला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. आपल्याला बाजूने येणारा आणि क्षणभर टिकणारा स्रोत हवा आहे. म्हणून प्रत्येक पायरीवर थांबून बघावे लागते.

सुरुवात गुच्छ काढण्यापासून. एखादा जोरकस वैश्विक कण उपग्रहाच्या अंगावर आदळला की दुय्यम कणांचा सडा पडतो आणि काही मायक्रोसेकंदांच्या आत तीन, पाच, कधी वीस-वीस नोंदी लागतात. सीझेडटीबंच आणि सीझेडटीबंचक्लीन हे दोन कार्यक्रम त्यांना ओळखून बाजूला करतात. ही पायरी वगळू नका, तिच्याशिवाय प्रत्येक आलेखात सुयाच सुया दिसतील.

मग ऊर्जा. सीझेडटीपीएचए२एनर्जी प्रत्येक नोंदीला तिच्या पिक्सेलचा गेन (ऊर्जेचे संकेतात रूपांतर होण्याचे प्रमाण) आणि तापमानानुसार केईव्ही लावतो. इथे फारसे बिघडत नाही.

त्यानंतर चांगल्या काळाची निवड, म्हणजे सीझेडटीजीटीआयजेन आणि सीझेडटीडेटासेल. लक्ष्यस्रोत पृथ्वीआड गेला की तो काळ वगळायचा, अशी अट इथे असू शकते. समोरच्या स्रोतासाठी ते बरोबर आहे. पण आपला स्फोट आकाशाच्या भलत्याच कोपऱ्यात आहे, लक्ष्य झाकले गेल्याने त्याला काही फरक पडत नाही. ही अट सैल केली नाही तर कक्षेचा मोठा तुकडा विनाकारण हातचा जातो. फक्त कणपट्टा आणि डेटातल्या रिकाम्या जागा वगळा.

सर्वांत नाजूक पायरी सीझेडटीपिक्सक्लीनची. बडबडे पिक्सेल ओळखून ती गप्प करते: एखादा पिक्सेल किंवा मॉड्यूल ठरावीक काळात सरासरीच्या मानाने फारच जास्त मोजत असेल तर त्या नोंदी बाद. पण तेजस्वी स्फोटही नेमके हेच करतो, काही क्षण सगळी मॉड्यूल सरासरीच्या वर नेतो. उंबरठा कडक असेल तर स्फोटाचा शेंडाच छाटला जातो, आणि लाइट कर्व्हमध्ये (वेळेनुसार नोंदींच्या दराच्या आलेखात) शिखराच्या जागी खड्डा दिसतो. असा चौकोनी, अचानक पडलेला खड्डा दिसला की आधी याच पायरीवर संशय घ्या. उपाय असा: बडबडे पिक्सेल कोणते, हे स्फोटाच्या आधीच्या आणि नंतरच्या काही शे सेकंदांवरून ठरवा, आणि ती यादी स्फोटाच्या काळाला लावा. स्फोटाच्या काळातल्या मोजणीवरून यादी करू नका.

व्हेटोची गाळणीही अशीच उलटते. स्फोट तेजस्वी असेल तर त्याचेच फोटॉन व्हेटो शोधकातही पडतात, योगायोगाने वेळ जुळते आणि खऱ्या नोंदी बाद होतात. म्हणून व्हेटो लावून आणि न लावता, दोन्ही आलेख काढून ठेवा.

शेवटी दुबार नोंदी. उपग्रहाचा डेटा कक्षेगणिक खाली येतो आणि शेजारच्या दोन फाइलींत काही भाग दोन्हीकडे असतो. जोडताना दुबार ओळी काढल्या नाहीत तर त्या तुकड्यात दर बरोबर दुप्पट होतो, तोही चारही क्वाड्रंटमध्ये एकाच वेळी. हा नकली स्फोट पुढच्या जवळजवळ सगळ्या परीक्षा पास होतो! एकच वेळ, एकच पिक्सेल, एकच ऊर्जा असलेल्या ओळी शोधा, भांडे लगेच फुटेल.

लाइट कर्व्ह आणि पार्श्वभूमी

स्वच्छ इव्हेंट फाइलीत चार क्वाड्रंटचे चार तक्ते असतात. चौघांसाठी बिनच्या (नोंदी मोजायच्या वेळेच्या कप्प्यांच्या) कडा अगदी एकच ठेवा. ०.१, १ आणि १० सेकंद अशा तीन मापांत आलेख काढा. आखूड स्फोट मोठ्या बिनमध्ये बुडतो आणि मंद, लांब स्फोट छोट्या बिनमध्ये विरतो. ऊर्जेचेही दोन तुकडे करा: २० ते १०० आणि १०० ते २०० केईव्ही. बाजूने आलेला स्फोट वरच्या तुकड्यात अधिक ठसठशीत दिसतो, कारण खालच्या ऊर्जेला भिंती अडवतात. चांगल्या काळाच्या कडेवरचे अर्धवट भरलेले बिन टाकून द्या, नाहीतर तिथे खोटे चढ-उतार दिसतात.

पार्श्वभूमी सपाट नसते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बदलते तशी ती कक्षेभर लाटेसारखी हलते आणि कणपट्ट्यातून बाहेर पडल्यावर काही काळ उतरत राहते. अनोळखी डेटा चाळताना १०० सेकंद रुंदीची, दुसऱ्या घाताची साविट्झ्की-गोले गाळणी लावून ही लाट काढून टाकणे सोपे जाते. पण ८० सेकंद चाललेला स्फोट ही गाळणी लाट समजून गिळते. म्हणून एकदा संशयित जागा सापडली की गाळणी बाजूला ठेवा. स्फोटाचा भाग झाकून दोन्ही बाजूंच्या शंभर-दोनशे सेकंदांतून पहिल्या किंवा दुसऱ्या घाताची बहुपदी बसवा आणि ती वजा करा. तिसऱ्या-चौथ्या घाताचा मोह टाळा, झाकलेल्या भागात ती मनमानी वळते.

उंबरठा किती ठेवायचा

समजा चारही क्वाड्रंट मिळून सफाईनंतरचा दर सेकंदाला ४५० आहे. १ सेकंदाच्या बिनमध्ये नैसर्गिक चढउतार (हाच सिग्मा) त्याच्या वर्गमुळाइतका, सुमारे २१. पाच सिग्मा म्हणजे १०६ जादा नोंदी. १० सेकंदांच्या बिनमध्ये पार्श्वभूमी ४,५००, चढउतार ६७, पाच सिग्मा ३३५, म्हणजे सेकंदाला फक्त ३३ जादा पुरतात. ०.१ सेकंदात मात्र सेकंदाला ३३५ च्या दराने चढ लागतो. तीन मापे का वापरायची, ते या आकड्यांत दिसते.

तीन सिग्माचा उंबरठा पुरेसा वाटतो, पण एका दिवसात १ सेकंदाचे ८६,४०० बिन असतात. निव्वळ योगायोगाने तीन सिग्माच्या वर जाण्याची शक्यता ०.००१३५, म्हणजे रोज एकशेसोळा-सतरा खोटे इशारे. आता अट बदलू: चार क्वाड्रंटपैकी कोणत्याही दोघांत एकाच बिनमध्ये तीन सिग्मा. खोटे इशारे रोज एकावर येतात. तिघांची अट घातली तर सुमारे तीन वर्षांत एक! प्रत्यक्षात गोंगाट इतका सरळ वागत नाही, तेव्हा आकडे याहून वाईट असतात, पण दिशा हीच.

एकाच वेळी अनेक स्वतंत्र साक्षीदार, हे या शास्त्रातले सगळ्यात जुने हत्यार आहे. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांना २ जुलै १९६७ रोजी पहिला स्फोट दिसला, तोही एकाहून अधिक उपग्रहांत. उपग्रहांमधल्या वेळेच्या फरकावरूनच कळले की हे स्फोट पृथ्वीवरचे नाहीत आणि सूर्याचेही नाहीत. तो निष्कर्ष १९७३ मध्ये छापून आला. फर्मीवरच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणामध्येही १२ सोडियम आयोडाइड शोधकांपैकी किमान दोघांनी उंबरठा ओलांडल्याशिवाय इशारा निघत नाही.

संशयिताची उलटतपासणी

उंबरठा ओलांडणारी जागा सापडली की तिला लगेच स्फोट म्हणू नका. चारही क्वाड्रंटचे आलेख एकाखाली एक ठेवा. खरा स्फोट चौघांतही असतो, उंची थोडी कमी-जास्त असू शकते, कारण उपग्रहाची इतर उपकरणे काही क्वाड्रंटवर सावली पाडतात. एकाच क्वाड्रंटमध्ये चढ असेल तर तो जवळजवळ नक्की इलेक्ट्रॉनिक गोंगाट.

मग त्या काही सेकंदांचा शोधकपटलाचा नकाशा काढा: कोणत्या पिक्सेलवर किती नोंदी. खऱ्या स्फोटाचा शिडकावा सगळीकडे पडलेला दिसतो. दोन-चार पिक्सेलच उजळले असतील तर ते बडबडे. एकमेकांना चिकटलेल्या पिक्सेलचा पुंजका दिसला तर सफाईतून सुटलेला कणांचा सडा.

आता व्हेटो शोधक. तो १०० ते ५०० केईव्हीमध्ये दर सेकंदाला स्वतःची मोजणी ठेवतो आणि त्याची इलेक्ट्रॉनिक साखळी वेगळी आहे. तिथेही त्याच सेकंदाला चढ दिसला तर खात्री खूप वाढते. तेजस्वी स्फोटांत आणखी एक पुरावा मिळतो. काही फोटॉन एका पिक्सेलमध्ये कॉम्प्टन विकिरण होऊन (म्हणजे इलेक्ट्रॉनला धडकून दिशा बदलून) शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषले जातात, म्हणजे ४० मायक्रोसेकंदांच्या आत शेजारी-शेजारी दोन नोंदी. अशा जोड्यांचा वेगळा आलेख काढा. त्यांच्या दिशांच्या वाटणीवरूनच सीझेडटीआय स्फोटांचे ध्रुवीकरण मोजते, आणि ही क्षमता फार थोड्या उपकरणांकडे आहे.

राहिले तोतये. सौरज्वाला बहुतेक कमी ऊर्जेत असते, १०० केईव्हीच्या वर विरते आणि मिनिटे टिकते. अमेरिकेच्या गोज या हवामान उपग्रहांचा क्ष-किरण आलेख त्याच वेळी चढलेला आहे का, ते बघा. कणपट्ट्याच्या कडेवरचा हळूहळू चढणारा, सपाट डोक्याचा उंचवटा कणांचा असतो. मॅग्नेटारचा (प्रचंड चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा) उद्रेक सेकंदाच्या अंशात संपतो आणि ऊर्जेने मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या फोटॉनचा असतो. सर्व परीक्षा झाल्यावरही मन साशंक असेल तर नोंदवहीत ‘शक्य’ असे लिहून पुढे जा, ‘नक्की’ म्हणायची घाई करू नका.

कालावधी, तेज आणि दिशा

कालावधीसाठी टी९० मोजतात. पार्श्वभूमी वजा केलेल्या नोंदींची चढती बेरीज करा. एकूण बेरजेचे ५ टक्के झाले तो क्षण आणि ९५ टक्के झाले तो क्षण, यांतले अंतर म्हणजे टी९०. २ सेकंदांच्या आत तो आखूड स्फोट, बाहेर लांब. बेरीज स्फोटानंतर सपाट व्हायला हवी. ती चढत किंवा उतरत राहिली तर पार्श्वभूमी चुकली आहे, परत जाऊन ती बसवा. त्रुटी काढायला मूळ आलेखात पॉयसाँ गोंगाट (मोजणीतला यादृच्छिक चढउतार) मिसळून हीच मोजणी हजारदा करा आणि उत्तरांचा पसारा बघा. दुसऱ्या उपग्रहाचा टी९० तुमच्यापेक्षा बराच वेगळा आला तरी घाबरू नका. कमी ऊर्जेत स्फोट जास्त वेळ टिकतो आणि उपकरणांचे ऊर्जापट्टे वेगळे असतात.

तेज काढताना मात्र मोठा खड्डा आहे. पाइपलाइनचा नेहमीचा रिस्पॉन्स (कोणत्या ऊर्जेच्या फोटॉनची उपकरणात कशी नोंद होते त्याचा तक्ता) समोरच्या स्रोतासाठी आहे. तो ६० अंश बाजूच्या स्फोटाला लावला तर आकडा पार चुकीचा येतो. त्यासाठी सबंध उपग्रहाचे जीअँट४ (पदार्थातून जाणाऱ्या कणांचे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर) मधले वस्तुमान-मॉडेल वापरून त्या दिशेचा रिस्पॉन्स तयार करावा लागतो. तो नसेल तर फक्त नोंदींची संख्या द्या, तीही उपयोगी असते.

दिशेच्या बाबतीत बाजूने दिसलेल्या स्फोटासाठी सीझेडटीआय ढोबळच बोलते. अचूक जागा स्विफ्टकडून किंवा अनेक उपग्रहांच्या वेळांतल्या फरकावरून मिळते. पण ‘कधी’ हे नक्की सांगता येणे हेही मोठे काम आहे. जानेवारी २०१७ मध्ये गुरुत्वलहरी जीडब्ल्यू१७०१०४ च्या शोधमोहिमेत एक विझत जाणारा प्रकाशबिंदू सापडला आणि तो त्या लहरींचाच अवशेष असेल असे वाटले. सीझेडटीआयने दुसऱ्या दिवशीचा जीआरबी १७०१०५ए पकडला होता, आणि तो बिंदू त्या स्फोटाचा आहे हे वेळेवरून सुटले.

कळवणे

निकाल जीसीएन (खगोलशास्त्रज्ञांचे तातडीच्या सूचनांचे जाळे) परिपत्रकातून जगभर जातो. त्यात स्फोटाचे नाव, शिखराची वेळ यूटीसीमध्ये, शिखराचा दर पार्श्वभूमीच्या वर किती, एकूण जादा नोंदी, स्थानिक पार्श्वभूमीचा दर, टी९० आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या त्रुटी, व्हेटोत दिसला की नाही, एवढे असावे. सीझेडटीआयचा डेटा उपग्रह जमिनीच्या केंद्रावरून जाईल तेव्हाच उतरतो, म्हणून हे सगळे काही तासांनंतर होते. तरीही लडाखमधल्या हान्ले येथील ग्रोथ-इंडिया दुर्बीण किंवा जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण यांना उत्तरदीप्तीचा (स्फोटानंतर विझत जाणाऱ्या चमकेचा) माग काढताना ते कामी येते. रेडिओ लहरींतली उत्तरदीप्ती कित्येक दिवस, कधी महिने टिकते.

शोधलेल्या वेळी काहीच सापडले नाही तरीही ते लिहा, पण नीट लिहा. त्या क्षणी शोधक चालू होते का, दिशा पृथ्वीआड नव्हती का, आणि ०.१, १, १० सेकंदांच्या बिनमध्ये किती तेजाचा स्फोट असता तर तो नक्की दिसला असता, या तीन गोष्टी दिल्याशिवाय ‘दिसला नाही’ या वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही. पृथ्वीआड असलेल्या स्रोताला ‘दिसला नाही’ म्हणणे ही तर सरळ चूक आहे, आणि ती टाळायला कोनाचे एक गणित पुरते.